नववा खड्डा

अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल माझ्याशी आता कोणी बोलू नये. हातात कॉफीचा कप धरून, मान जराशी कलती करून, 'आयविंद, मी तर त्याच्या पूर्ण बाजूनं आहे, पण...' अशी सुरुवात करून तर मुळीच बोलू नये. त्या 'पण'नंतर काय येतं ते मला पाठ झालंय. त्या 'पण'नंतर तो माणूस स्वतः येतो.

मी नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात आहे. डेन्मार्कात हेर्निंग शहराच्या पलीकडच्या आमच्या या सपाट गावात कुठल्या घरातून काय बाहेर पडतं आणि ते कुठे जातं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माणसांच्या तोंडातून जो माल बाहेर पडतो त्याच्यासाठीही अशी काही नळव्यवस्था असायला हवी होती, असं मला या उन्हाळ्यात फार वाटलं. ती नसते. ती मलाच करावी लागली, तीही माझ्या हक्काच्या रजेत, आणि वर सगळ्यांच्या शिव्या खाऊन.

मला एक छंद आहे. तो सांगताना मी पूर्वी लाजत असे, आता लाजण्यासारखं काही शिल्लक राहिलेलं नाही. मिनीगोल्फचा एक जुना संगणकी खेळ आहे. अठरा खड्डे, एक काठी, एक चेंडू. खेळ काढणारी कंपनी कधीच बुडाली, पण खेळाबरोबर तिनं मैदानं बनवायची हत्यारं देऊन ठेवली होती, त्यामुळे जगभरातले माझ्यासारखे लोक घरी बसून आपापली मैदानं बनवतात. कोणी आपल्या शाळेचं बनवतो, कोणी आजोबांच्या गोठ्याचं. ही सगळी मैदानं ठेवायला इंटरनेटवर एक जागा लागते. ती जागा मी एका होस्टिंग कंपनीकडून भाड्यानं घेतलेली आहे आणि वर्षानुवर्षं सांभाळतो आहे. सोलवाय, म्हणजे माझी बायको, या जागेला 'तुझं दुसरं गटार' म्हणते. पूर्वी मला ते लागायचं.

तर गावच्या उन्हाळी उत्सवाच्या बैठकीत या वर्षी काहीतरी नवीन करूया, असं निघालं आणि माझा हात वर गेला. बैठकीत माझा हात आपोआप वर जातो. मी म्हटलं, स्पर्धा ठेवू. 'आमचं गाव' या विषयावर ज्याला जमेल त्यानं मिनीगोल्फचं मैदान बनवावं, उत्तम असेल ते उत्सवाच्या तंबूत मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी खेळावं. जाहिरात मीच लिहिली. शेवटी लिहिलं, 'निनावी पाठवलं तरी चालेल. कोणाचंही काहीही कापलं जाणार नाही.' ही वाक्यं मला स्वतःलाच इतकी आवडली की मी ती जाड अक्षरांत केली.

तीन मैदानं आली. एक शाळेच्या वर्गाचं, ज्यात सगळ्या खड्ड्यांवर घोडे होते. एक निवृत्त गुरांच्या डॉक्टरांचं, ज्यात फक्त त्यांची स्वतःची बाग होती. आणि तिसरं 'बिज्जू' या नावानं आलेलं.

बिज्जूचं मैदान उघडलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. या खेळात इतकं बारीक काम मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या खड्ड्यात आमचं चर्च. प्रवचनाच्या चौथऱ्यावर पाद्री टॉर्किल झोपलेला, तोंड उघडं. चेंडू त्या तोंडात घालायचा. जरा हळू मारला तर तो घोरून बाहेर फेकायचा. चौथ्या खड्ड्यात गुनहिल. ही आमच्या घरमालक संघाची अध्यक्षीण, आधी शाळेची मुख्याध्यापिका होती आणि अजूनही आहे असं समजते. ती पट्टी घेऊन कुंपणाची उंची मोजायला वाकलेली, पाठमोरी, आणि चेंडू जायची वाट पूर्ण अडलेली. सातव्यात सांडपाण्याची टाकी. तिच्यात कमरेइतक्या घाणीत मी उभा, चष्मा लावून, हातात नकाशा उलटा. मी हसलो. नकाशा मी आयुष्यात उलटा धरलेला नाही, तरीही हसलो. स्वतःवर हसता येणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

आठवा खड्डा संपला तेवढ्यात सोलवायनं जेवायला हाक मारली. मी मैदान जागेवर चढवून दिलं आणि काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खायला बसलो. घात इथेच झाला.

नववा मी दुसऱ्या दिवशी पाहिला. तोवर अर्ध्या गावानं पाहिला होता.

नवव्यात शिवाचं सायकल दुकान होतं. शिवाचं खरं नाव शिवनेसन. मूळचा श्रीलंकेतला तमिळ, तिकडे लढाई पेटली तेव्हा विशीत इथे आला तो इथलाच झाला. गावातली एकूण एक सायकल त्याच्या हातून गेलेली आहे. बॅडमिंटन क्लब तो चालवतो. मी मूळचा कोपनहेगनकडचा, माझी भाषा या गावात अजून पाहुण्यासारखी आखडून बसते. शिवा मात्र इकडच्या जटलंड भागाची अस्सल गावरान बोली बोलतो, डोळे मिटून ऐकलं तर हा याच मातीत उगवला असं वाटावं. तर नवव्यात चेंडू नव्हता. चेंडूच्या जागी शिवाचं डोकं होतं, मिशांसकट. ते डोकं काठीनं मारत दुकानातून बाहेर काढायचं, रस्त्यानं गडगडवत बंदरावर न्यायचं, एका फुटक्या बोटीत घालायचं. डोकं आत पडलं की बोट बुडायची, आणि धक्क्यावर उभी असलेली माणसं लहान लहान झेंडे हलवायची.

मी खेळलो नाही. बनवायच्या हत्यारांत उघडून शेवटपर्यंत पाहिलं आणि बंद केलं. आणि मग मला माझी जाड अक्षरं आठवली.

"एक बी काढू नगंस!" शेजारचा वेर्नर कुंपणावरून म्हणाला. वेर्नर फर्निचरच्या कारखान्यातला निवृत्त सुतार, आमच्या गल्लीचा सल्लागार. त्याच्या सल्ल्यानं मी एकदा छप्पर गळकं करून घेतलं आहे. "एक काढलास की संपलं बघ. आज नववा काढशील, उद्या चौथा काढ म्हनतील, परवा म्हनतील तुझं तोंडच बंद ठेव. ह्या देशात मानूस राजावर बी हसतो, मर्दा. तू आत्ता मागं सरलास तर समदं गेलं."

त्यानं कुंपणावरून मला बिअर दिली. मला फार बरं वाटलं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी मला देशाच्या संदर्भात उभं केलं होतं.

संध्याकाळी टॉर्किल आला, दालचिनीचे बन घेऊन. पाद्री बन घेऊन आला की समजावं, काम आहे.

"मी हसलो हं, आयविंद," तो म्हणाला. "मनापासून हसलो. पण प्रश्न माझा नाही, पदाचा आहे. माझं तोंड उघडं आहे. त्यात लोक चेंडू मारतात. आज अंत्यविधीला एक म्हातारी माझ्या तोंडाकडेच बघत होती. पहिला तेवढा काढ."

"आणि नववा?" मी विचारलं.

"नववा जरा ठसठशीत आहे, नाही म्हणत नाही," तो बन मोडत म्हणाला. "पण विनोदाला कुंपण घालणारे आपण कोण?"

गुनहिलनं फोन केला. तिनं नमस्कार-चमत्कार केला नाही. "माझं बूड तेवढं नाही," ती म्हणाली.

"कुंपणाच्या प्रमाणात पाहिलं तर..." मी म्हणालो. हे मी का म्हणालो मला माहीत नाही. सांडपाणी खात्यात माणसाला प्रमाणाची सवय लागते.

"म्हणजे तू मोजलंस?" ती म्हणाली. त्यानंतर ती जे बोलली ते संघाच्या नियमांत कुठल्या कलमाखाली बसेल ते मला माहीत नाही. संघाची खास सभा बोलवायचं तिनं तिथल्या तिथे ठरवलं. अजूनपर्यंत आमच्या संघाच्या खास सभा फक्त कुंपणाच्या उंचीवर आणि एकदा एका बदकावर झालेल्या आहेत.

मग मी म्हटलं, आपण शहाण्यासारखं वागू, अधिकृत मत घेऊ. पोलिसांना फोन लावला. तिकडच्या बाईनं विचारलं, कोणाच्या जिवाला धोका आहे का? मी म्हटलं, एका चेंडूला आहे. तिनं फोन ठेवला नाही हा तिचा मोठेपणा, पण सायकलचोरीच्या विभागात जोडून दिला. कारण मी 'सायकल दुकान' म्हणालो होतो. नगरपालिकेच्या वकिलाला कॉफीच्या सुट्टीत गाठलं. तो म्हणाला, द्वेष पसरवण्याविरुद्ध कायद्यात कलम आहे, पण ते इथे लागतं की नाही हे न्यायालयानं सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि खटला झाल्याशिवाय न्यायालय सांगत नाही, आणि तू कृपा करून हे माझ्या जेवणाच्या डब्यावर वाकून विचारू नकोस.

तेवढ्यात होस्टिंग कंपनीचा निरोप आला. तिच्याकडे तक्रारी गेल्या होत्या. कोणी केल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण एका तक्रारीत 'पदाची प्रतिष्ठा' हे शब्द होते. कंपनीच्या यंत्रानं मैदान तपासलं होतं. पहिला खड्डा: आक्षेपार्ह, कारण 'उघडं तोंड, अश्लील सूचन'. चौथा: आक्षेपार्ह, 'नग्नता'. गुनहिलनं त्यात बारा महिने तेरा काळ घालते तो जाड कोट घातलेला होता! सातवा: 'घाण'. आणि नववा? 'चेंडू, बोट, झेंडे. नियमभंग आढळला नाही.'

मी कंपनीच्या मदत-खिडकीत लिहिलं, यंत्र आंधळं आहे का? उत्तर आलं, 'तुझा अनुभव ऐकून वाईट वाटलं! मी आणखी काय मदत करू शकते?' मी लिहिलं, माणसाला बोलवा. उत्तर आलं, 'मी माणसासारखीच आहे!' मी जे लिहिलं ते यंत्रानं लगेच आक्षेपार्ह ठरवलं. म्हणजे डोळे होते, फक्त दिशा चुकलेली होती.

"नववा काढ," सोलवाय म्हणाली. ती बटाटे सोलत होती.

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. एक दगड काढला की भिंत कशी कोसळते ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, एक बटाटा संपवला, दुसरा घेतला.

"तू त्याला विचारलंस?" ती म्हणाली.

"कोणाला?"

"आयविंद," ती म्हणाली, आणि सुरी खाली ठेवली. आमच्या घरात सुरी खाली ठेवली जाते तेव्हा विषय संपलेला असतो.

मी शिवाच्या दुकानात गेलो. तो एक चाक उलटं टांगून फिरवत होता, कुठे वाकडं आहे ते बघत. त्यानं मान वर केली नाही.

"शिवा," मी म्हणालो, "ते नवव्याबद्दल..."

"म्या खेळलो की," तो म्हणाला. "पाद्र्याच्या तोंडात चेंडू घातला, लई हसलो. गुनहिलचं आलं तवा तर घरातनं बायकोला हाक मारली, म्हनलं, ये, बघ तरी. तिला शेजारी बशिवली. मंग तू आलास, गटारात नकाशा उलटा धरून. ती तर पोट धरून हसली. म्हनलं, कोन हाय ह्यो बिज्जू, त्याला एकदा मिठी माराया पायजे." चाक फिरत राहिलं. "मंग नववा आला. आनि ती शेजारीच बसलेली. मीच बोलावून बशिवलेली."

मी उगाच बाजूच्या एका सायकलचं पेडल फिरवून पाहिलं.

"मिशा लई झ्याक काढल्यात," तो म्हणाला. "आनि म्या बोटीनं आलोच न्हाई. पूर्व बर्लिनहून रेल्वेनं आलो. ती रेल्वे फेरीबोटीवर चढिवली व्हती ते वेगळं. म्या डब्यात बसून पाव खात व्हतो."

"तू म्हण," मी म्हणालो, "मी आत्ताच्या आत्ता काढतो."

त्यानं चाक हातानं थांबवलं. मग तो चिडला. शिवाला चिडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"म्या का म्हनू? म्या म्हनलो तर उद्या समदं गाव म्हनंल, शिवाला चेष्टा सोसत न्हाई. चेष्टा सोसूनच म्हातारा झालो की हितं! जागा तुझी. चढिवलं तू. त्यात काय हाय ते बघाया तुला माझं डोळं लागत्यात व्हय?"

मी बाहेर पडलो आणि घरापर्यंत त्याच्यावर चडफडत गेलो. मी त्याला त्याच्याच भल्याचं विचारायला गेलो होतो, आणि त्यानं निर्णय परत माझ्याच अंगावर टाकला होता. त्यानं नुसतं 'काढ' म्हटलं असतं तर माझं तत्त्वही राहिलं असतं आणि खड्डाही गेला असता. एवढीही मदत करू नये माणसानं?

सभेला सभागृह भरलं होतं. बदकाच्या सभेपेक्षा जास्त लोक होते. कॉफी होती, बन होते, गुनहिलच्या पुढ्यात लहानशी घंटा होती. एकेका खड्ड्यावर मत घ्यायचं ठरलं. संघाला माझ्या संकेतस्थळावर काय अधिकार, असं मी विचारलं, तर तिनं घंटा वाजवली.

पहिल्या खड्ड्याला टॉर्किल उठला. तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पूर्ण बाजूनं होता, पण. पहिला काढायचा ठरला. दुसऱ्यात खाटकाचं दुकान होतं. खाटीक स्वातंत्र्यासाठी प्राण देईल असा माणूस, पण सॉसेजमध्ये चेंडू सापडतो असं दाखवलं तर गिऱ्हाईक तुटतं. दुसरा काढायचा ठरला. चौथ्याला गुनहिलनं स्वतः अध्यक्षपद सोडून, खुर्चीच्या बाजूला उभं राहून, एक सामान्य नागरिक म्हणून भाषण केलं आणि पुन्हा खुर्चीत बसून ते मान्य केलं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खड्ड्याला खो-खो हसून हात वर करत होता आणि स्वतःच्या खड्ड्याला घसा खाकरत उठत होता. सातव्याला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझी हरकत नाही, फक्त नकाशा सरळ करा. कोणी नोंद घेतली नाही.

मग नववा आला.

"संबंधित व्यक्ती हजर आहे का?" गुनहिलनं विचारलं.

कोणीतरी म्हणालं, शिवा दुकानाच्या वर भाड्यानं राहतो, तो घरमालक संघाचा सभासद नाही.

"म्हणजे हरकत आलेली नाही," गुनहिल म्हणाली. "मग नववा राहू दे."

लोकांनी माना डोलावल्या. टॉर्किल तर मोकळा श्वास टाकून म्हणाला, "बरोबर आहे. काहीतरी ठेवलंच पाहिजे. सगळंच काढलं तर ती सेन्सॉरशिप होईल."

मी शांत माणूस आहे. सांडपाण्यात शांत माणसंच टिकतात. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एक झाकण उडालं, आणि खाली किती साचलंय ते मलाच तेव्हा कळलं. मी उभा राहिलो तेव्हा खुर्ची मागच्या बाईच्या मांडीवर पडली.

"थांबा!" मी ओरडलो. "पाद्र्याच्या तोंडात चेंडू गेला तर देव कोपतो, गुनहिलच्या बुडाला धक्का लागला तर सभा भरते, आणि शेजाऱ्याचं डोकं काठीनं मारत समुद्रात बुडवलं तर ते स्वातंत्र्य? आधीच्या आठांतलं एकही तुम्हांला सोसलं नाही आणि जे उरलं ते तत्त्व? तत्त्व गेलं खड्ड्यात! तुमचे सगळे खड्डे राहणार. टॉर्किल, तू प्रवचनात झोपतोस! गुनहिल, तू पट्टी घेऊन लोकांच्या कुंपणाशी वाकतेस! त्यावर लोक हसणारच, हसायलाच हवं. नववा तेवढा जाणार. मी काढणार. कोणाला विचारून नाही, मत घेऊन नाही, मला तो माझ्या जागेत नको म्हणून. मला हुकूमशहा म्हणा. घंटा वाजवा!"

गुनहिलचा हात घंटेवरच राहिला.

"काढनार?" मागून कोणीतरी किंचाळलं. वेर्नर उभा होता, लालबुंद. "काढनार म्हंजी? त्या पान्याला किती दिवस लागलेत ठाव हाय का तुला? त्या खेळात पानी हलतच न्हाई! जगात कुनाला हलिवता आलं न्हाई! म्या हलिवलं! लाटा हायेत त्याला, लाटा!"



वेर्नर तसाच उभा राहिला, हातानं लाट करून. मग त्यानं तो हात खिशात घातला.

"म्हणजे," गुनहिल सावकाश वळत म्हणाली, "ते माप तू घेतलंस."

कुंपणावरून बिअर देणारा हात आणि शिवाच्या डोक्याला मिशा काढणारा हात एकच होता, हे मला हळूहळू कळत गेलं, तसतसा माझा राग वर चढत गेला. देशासाठी उभा राहा म्हणाला होता मला! मी त्याच्या लाटांसाठी उभा होतो!

मी घरी गेलो आणि नववा काढून टाकला. आठव्यानंतर सरळ दहावा. झाला एकदाचा न्याय, असं म्हणून मी कोट काढतो न काढतो तोच वेर्नरनं होस्टिंग कंपनीकडे तक्रार ठोकली, की आपल्या कलाकृतीची आपल्या परवानगीवाचून मोडतोड झाली. पाद्र्याच्या तोंडात अश्लीलता शोधणाऱ्या त्या यंत्राला ही तक्रार मात्र फटकन कळली. माझी सगळी जागा बंद झाली. घोड्यांचं मैदान, गुरांच्या डॉक्टरांची बाग, पोर्तुगालातल्या एका बाईनं आपल्या आईच्या स्वयंपाकघरावर बनवलेलं मैदान, ज्यात मी कित्येक हिवाळे खेळलो होतो, सगळं गेलं. ज्यांनी कोणाला दुखवलं नव्हतं त्यांचं आधी गेलं. मी मदत-खिडकीत लिहून लिहून बोटं सुजवून घेतली. खिडकीला माझा अनुभव ऐकून दर वेळी तितकंच वाईट वाटत होतं.

शेवटी रजेचे उरलेले सगळे दिवस घालून मी दुसऱ्या कंपनीकडे बिऱ्हाड हलवलं, एकेक मैदान ज्याच्या त्याच्याकडून परत मागून घेत. पोर्तुगालच्या बाईनं आपलं पाठवताना विचारलं, तिकडे झालं तरी काय? मी लिहिलं, पाण्यावरून भांडण झालं.

वेर्नरनं आपला नववा परदेशातल्या एका जागेवर नेऊन ठेवला, जिथे खरोखरच काहीही चालतं. एकदा जाऊन पाहिलं. त्याच्या आजूबाजूला जे होतं ते पाहून मी संगणकाचा पडदा फडक्यानं पुसला. तिथे तो खड्डा कोणाला पुरेसा वाईटही वाटला नव्हता. लाटांबद्दल तर कोणी चकार शब्द काढला नाही, असं वेर्नर खाटकाकडे कुरकुरल्याचं माझ्या कानावर आलं.

उत्सवात सतरा खड्ड्यांचं मैदान तंबूत लागलं. गुनहिल माझ्याशी बोलत नाही. पण टॉर्किलच्या तोंडात चेंडू मारायच्या रांगेत ती दोनदा उभी असलेली मी पाहिली आहे, आणि टॉर्किल चौथ्याच्या.

त्यानंतर काही दिवसांनी मी सोलवायच्या सायकलची तुटलेली साखळी घेऊन शिवाकडे गेलो होतो. शिवा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. दार उघडलं आणि वेर्नर आत आला, हातात सायकल, मागचं चाक पार बसलेलं. गावात दुसरं दुकान नाही. मला पाहून तो थबकला, पण आता मागे फिरणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"पंक्चर हाय," तो म्हणाला.

शिवानं चाकाकडे पाहिलं नाही. तो हात पुसत राहिला.

"ती चेष्टा व्हती, शिवा," वेर्नर म्हणाला. "माझा सोभाव तुला ठाव हाय. इतक्या वर्सांची वळख."

"चेष्टा व्हती," शिवा म्हणाला. त्यानं जाऊन दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि वेर्नरपुढे स्टूल सरकवलं. "मंग बस. मला समजावून सांग. मला बी हसायचं हाय."

"काय समजवायचं त्यात?"

"पहिल्यापासनं सांग. काठीनं काय मारायचं?"

"चेंडू."

"चेंडू म्हंजी?"

वेर्नरनं माझ्याकडे पाहिलं. मी साखळीकडे पाहिलं.

"तुझं डोकं," वेर्नर म्हणाला.

"हां. मंग?"

"मंग ते गडगडत बंदरावर जातं. बोटीत पडतं."

"मंग?"

"बोट बुडती."

"आनि धक्क्यावर?"

"मानसं झेंडे हलवत्यात."

"कोनची मानसं?"

दोघांची बोली एकच होती, तोच आघात, तीच ओढ, जी मला या गावात कधी जमली नाही. वेर्नरनं टोपी काढली आणि तिच्या आत बघत बसला.

"आपलीच," तो म्हणाला.

शिवा थांबला. खरोखर हसू येतंय का बघत असल्यासारखा, चेहरा पुढे करून, तो थांबून राहिला.

"हसायचं कुठं हाय ह्यात?" त्यानं विचारलं. "बोट बुडती तवा, का झेंडे हलत्यात तवा? मला कळंना झालंय. दाव की."

वेर्नरनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग तो उठला, सायकल धरली, दार स्वतःच उघडलं आणि बाहेर पडला. रिकामं टायर रस्त्यावर फतफत करत गेलं, वळणापर्यंत ऐकू येत होतं.

शिवानं पाटी पुन्हा फिरवली आणि माझ्यापुढे हात केला.

"आन ती साखळी," तो म्हणाला. ती त्यानं माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि तुटलेली कडी एका घावात उडवली.